एक्सअरे: सोय जबरदस्त, पण चुकलं तर गप्प बसते

समुद्राचा किंवा हवामानाचा डेटा ज्यांनी हाताळलाय त्यांना माहितीये की डेटा मिळत नाही ही आता अडचणच नाही, फुकट मिळतो, ढिगाने मिळतो, पण त्यातून हवा तो आकडा बाहेर काढेपर्यंत दमछाक होते. मी या कामाला पायथनमधली एक्सअरे लायब्ररी बरीच वर्षं वापरतेय आणि ती नसती तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं.

ईआरए५ घ्या, म्हणजे युरोपच्या हवामान केंद्राचा डेटासेट. १९४० पासूनचं जगभराचं हवामान, तासातासाचं, पाव अंशाच्या ग्रिडवर, म्हणजे ७२१ गुणिले १४४०, एका तासाचे दहा लाखांच्या वर आकडे आणि एकट्या तापमानाचं एक वर्ष ३२ बिटमध्ये साधारण ३६ जीबी. नुसत्या नमपायमध्ये (पायथनची आकड्यांच्या तक्त्यांची साधी लायब्ररी) हा एक मोठा ठोकळा, वेळ कुठल्या अक्षावर, अक्षांश कुठल्या, सगळं डोक्यात ठेवायचं. एक्सअरेत अक्षांश, रेखांश आणि तारीख सांगून मागता येतं. एल निन्योसाठी जो निन्यो ३.४ पट्टा बघतात (५ उत्तर ते ५ दक्षिण, १७० ते १२० पश्चिम) त्याची महिन्यांची सरासरी आणि त्यापासूनचा फरक काढायला खरंच पाच-सहा ओळी लागतात.

पण याच पट्ट्यात नवीन माणूस अडकतो. ईआरए५ चे रेखांश ० ते ३६० असतात म्हणजे १७० पश्चिम म्हणजे १९०, आणि अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात, त्यामुळे स्लाइस (हवा तो तुकडा कापायची हद्द) ५ ते उणे ५ असा द्यायचा, उलटा दिला की एररबिरर काही नाही, सरळ रिकामा तुकडा हातात येतो! दोन डेटासेट वजा करतानाही तेच, दोन्हीकडे जुळणारे बिंदूच फक्त ठेवले जातात, मग ०.१ अंशाच्या ग्रिडवर एकीकडे ३२ बिट आणि दुसरीकडे ६४ बिट अक्षांश असतील तर दशांशाच्या शेपटीतल्या फरकामुळे बहुतेक बिंदू गायब, आणि तेही न सांगता. अरिथमेटिक जॉइनची (गणित करताना बिंदू कसे जुळवायचे त्याची) सेटिंग एक्झॅक्ट करून ठेवा, मग निदान ओरडते तरी. जगाची सरासरी काढताना वेटेड (क्षेत्रफळानुसार वजन देणारी सरासरी) वापरा, कारण ६० अंशावरचा चौकोन विषुववृत्तावरच्या निम्म्याच आकाराचा असतो आणि साधी सरासरी ध्रुवांना फुकटचं महत्त्व देते.

आता वेगाबद्दल. लोक एक्सअरेला स्लो म्हणतात ते मला पटत नाही, खरा घोळ डेटाचे चंक, म्हणजे साठवायचे तुकडे, कसे पाडलेत त्यात असतो. झारमध्ये (डेटा असा तुकड्यांत साठवायचा फॉरमॅट) एका तासाचा अख्खा नकाशा म्हणजे एक चंक असं ठेवलं असेल तर नकाशा चटकन येतो, पण एकाच ठिकाणचं वर्षभराचं तापमान मागितलंत की ८७६० चंक उघडायचे, म्हणजे ३५ केबीच्या उत्तरासाठी ३६ जीबी चाळायचा, दाबून ठेवलेला असला तरी उघडावा लागतोच. डास्क (काम अनेक कोअरवर वाटणारी लायब्ररी) लावून तुम्ही हे वाट्टेल तेवढ्या कोअरवर वाटा, वाचायचं तेवढंच राहतं. ठरावीक ठिकाणांचंच काम रोज असेल तर एकदा बसून वेळेच्या दिशेने लांब चंक पाडून वेगळी कॉपी करा, कंटाळवाणं आहे, रात्रभर चालतं, पण नंतर तेच उत्तर सेकंदात येतं आणि ते बघून मला अजूनही भारी वाटतं.

नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटाचा नेहमीचा फॉरमॅट) फाइल १६ बिटमध्ये दाबलेली असेल तर मेमरीत ती दुप्पट-चौपट फुगते, लॅपटॉपवाल्यांनी हे आधीच धरून चाला.

आर्गोच्या फ्लोटसाठी, म्हणजे समुद्रात सोडलेल्या मोजणीच्या तरंगत्या यंत्रांसाठी, मात्र मी एक्सअरे घेणार नाही. साधारण चार हजार यंत्रं, दर दहा दिवसांनी २००० मीटरवरून मोजत वर येणारी, प्रत्येकाची जागा वेगळी, खोलीचे टप्पेही वेगळे. ते चौकोनी ठोकळ्यात कोंबलं की अर्धा ठोकळा रिकाम्या खान्यांचाच होतो, त्यापेक्षा पांडाज या पायथन लायब्ररीचा साधा टेबल बरा, ग्रिडवर आणल्यावर मग खुशाल एक्सअरे.