कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जुन्या होम मूव्हीज माहितीपटात घ्यायच्या आहेत? कोणता मार्ग कोणाला परवडेल

दलित पँथर (१९७२) आणि अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर संघटना यांना एकत्र ठेवून माहितीपट करायचं मनात असलेले दोघे-तिघे दरवर्षी भेटतातच. मुंबईकडची बाजू फोटो, पोस्टर आणि मुलाखतींवर निभावते. अमेरिकेची बाजू बातम्यांच्या फुटेजवर येऊन अडते: मोर्चा, पोलिसांची कुत्री, पाण्याचे फवारे. हे सगळं शंभर वेळा दाखवून झालेलं आहे. त्या माणसांचं घर, रविवारचं चर्च, दारातली नवी गाडी, पोरीचं लग्न दाखवायचं तर त्यांनीच काढलेल्या घरगुती फिल्म्सकडे वळावं लागतं.

अशा फिल्म्स भरपूर आहेत. कोडॅकने १६ मिमी फिल्म १९२३ साली आणि ८ मिमी १९३२ साली बाजारात आणली. डॉक्टर, शिक्षक, पाद्री, रेल्वेतले पोर्टर अशा कमावत्या कृष्णवर्णीय घरांतही कॅमेरे आले. अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत, निकोलस ब्रदर्स या नर्तक भावांच्या घरच्या फिल्म्स २०११ मध्ये गेल्या आणि गायक-बँडलीडर कॅब कॅलोवेच्या २०२२ मध्ये. प्रश्न आहे तो फुटेज कुठून घ्यायचं आणि त्याच्या वापराला ‘हो’ कोण म्हणणार, हा. माझ्या मते दरपत्रकाआधी हा दुसरा प्रश्न सोडवावा.

शिकागोचा मार्ग: कुटुंबासकट फुटेज

साउथ साइड होम मूव्ही प्रोजेक्ट २००५ मध्ये चित्रपट-अभ्यासक जॅकलीन स्टुअर्ट यांनी शिकागो विद्यापीठात सुरू केला. शहराच्या दक्षिण भागातल्या रहिवाशांच्या घरात पडलेली रिळं घ्यायची, दुरुस्त करायची, स्कॅन करायची आणि त्याच कुटुंबाला समोर बसवून ‘हे कोण, हे कुठलं’ असं विचारत नोंदी करायच्या, अशी पद्धत. कॅटलॉग ऑनलाइन आहे आणि विषयवार शोधता येतो.

या नोंदींची किंमत एडिटिंगला बसल्यावर कळते. समजा पडद्यावर फ्रॉक घातलेल्या पाच मुली पायरीवर उभ्या आहेत. बाकीच्या ठिकाणी याची नोंद ‘मुली, घर, १९५० चं दशक’ एवढीच मिळेल. इथे रस्ता, प्रसंग आणि कॅमेरा कुणाच्या हातात होता हेही कळण्याची शक्यता असते. तुमची निवेदनाची ओळ मग अंदाजावर लिहावी लागत नाही.

बदल्यात वेळ द्यावा लागतो. कुटुंब या व्यवहारात हजर असतं, आणि माझ्या मते ते असायलाच हवं. दृश्य कुठे वापरणार, त्याच्या आधी-नंतर काय येणार, हे सांगावं लागतं. वाढदिवसाच्या दृश्यावर तुम्ही गुन्हेगारीची आकडेवारी ऐकवणार असाल, तर नकाराची तयारी ठेवा. महोत्सवाची तारीख तीन आठवड्यांवर आली असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

संग्रहालय आणि विद्यापीठ: कागद पक्का, पण प्रत्येक वस्तूचा नियम वेगळा

वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनचं नॅशनल म्युझियम ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी अँड कल्चर २०१६ मध्ये उघडलं. त्यांच्या ग्रेट मायग्रेशन होम मूव्ही प्रोजेक्टमध्ये लोक आपली रिळं आणि कॅसेट घेऊन येतात, संग्रहालय फुकट डिजिटाइझ करून देतं, मूळ रीळ घरी परत जातं. इथे बरेच जण फसतात. फुटेज संग्रहालयात पाहिलं म्हणजे त्याचे हक्क संग्रहालयाकडे आहेत असं धरून चालतात. प्रत्येक नोंदीखाली हक्कांची ओळ असते, ती वाचा. स्मिथसोनियनने २०२० मध्ये लाखो वस्तू खुल्या केल्या, पण खुलेपणाचं ‘सीसी झीरो’ हे चिन्ह त्या विशिष्ट नोंदीवर नसेल तर ती खुली नाही, असंच समजायचं.

येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयातली एक ठेव मात्र कुणीही आधी उघडून बघावी: पाद्री सॉलोमन सर जोन्स यांच्या १९२४ ते १९२८ मधल्या २९ मूक फिल्म्स. ओक्लाहोमातली कृष्णवर्णीयांची गावं, शाळा, बाप्तिस्मे, अंत्ययात्रा, दुकानं, परेड, सगळं त्यांत आहे. काटेकोर गृहस्थ. फळीवर अक्षरं लावून जागा आणि तारीख लिहायची, ती आधी कॅमेऱ्यासमोर धरायची, मग माणसं. संशोधकाला असा छायाचित्रकार नशिबानेच भेटतो. ओक्लाहोमातल्याच तुलसा शहरातली कृष्णवर्णीयांची ग्रीनवुड वस्ती १९२१ मध्ये जाळली गेली, आणि त्यानंतर काही वर्षांतच हा माणूस त्या शहरात उभं राहिलेलं जगणं टिपत होता. या फिल्म्स २०१६ मध्ये रजिस्ट्रीत गेल्या. त्यांतली काही रिळं वर सांगितलेल्या संग्रहालयाकडेही आहेत.

बायनिकी वापराचं शुल्क घेत नाही. हक्कांची जबाबदारी मात्र ते तुमच्यावर टाकतात. जोन्स १९३६ मध्ये वारले, त्यामुळे इथे हक्कांचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. एकच रीळ फुकटात, निर्धास्त वापरायचं असेल तर माझं मत याला. मर्यादा एकच: हे १९२० चं दशक आहे. तुमची गोष्ट १९६८ ची असेल तर काही कामाचं नाही.

प्रेलिंजर की एजन्सी

जुन्या फिल्म्सचे संग्राहक रिक प्रेलिंजर यांच्या संग्रहातल्या शेकडो होम मूव्हीज इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर आहेत, त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांच्याही. डाउनलोड करा, टाइमलाइनवर टाका. रफ कटसाठी, म्हणजे कच्च्या जुळणीसाठी, याहून सोयीचं काही नाही. पण इथून लेखी लायसन्स मिळत नाही. ते हवं असेल तर संग्रहाचं व्यावसायिक काम गेटी इमेजेस ही फोटो-फुटेज विकणारी एजन्सी बघते, आणि तिथे पैसे मोजावे लागतात. म्हणजे तीच क्लिप, एकीकडे फुकट आणि दुसरीकडे दाम देऊन. फरक फक्त कागदाचा.

तो कागद कुणाला लागतो? यूट्यूबवर टाकणाऱ्याला सहसा नाही. ओटीटी किंवा परदेशी वाहिनीला विकणाऱ्याला नक्की. ते ‘एरर्स अँड ओमिशन्स’ विमा, म्हणजे हक्कभंगासारख्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा, मागतात आणि विमा कंपनी प्रत्येक सेकंदामागचा करार मागते. तेव्हा विकायचं ठरलं असेल तर एजन्सी, नाहीतर प्रेलिंजर, इतकं हे सरळ आहे.

एजन्सीची दुसरी बाजूही बघा. बहुतेक होम मूव्हीजवर ‘फक्त संपादकीय वापर’ असं लिहिलेलं असतं, कारण पडद्यावरच्या माणसांची सही कुणाकडेच नाही. माहितीपटाला हे चालतं, जाहिरातीला नाही. आणि नोंदी? ‘आफ्रिकन अमेरिकन कुटुंब, बार्बेक्यू’ यापुढे फारसं काही नसतं. शिकागोचं रीळ पाहिल्यावर हे फार खटकतं. दोन वाक्यांमधलं भरणीचं दृश्य म्हणून ठीक, प्रसंगाचा कणा म्हणून घेऊ नका.

थेट कुटुंबाकडून

अमेरिकेतल्या एखाद्या मित्राच्या ओळखीने कुणाच्या आजोबांची रिळं मिळत असतील तर उत्तम. पण रीळ ज्याच्या कपाटात आहे तोच हक्कदार असतो असं नाही. अमेरिकन कायद्यात वस्तूची मालकी वेगळी आणि कॉपीराइट वेगळा. कॉपीराइट चित्रीकरण करणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. चार भावंडं असतील तर चौघांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या. धाकटा तयार आणि थोरली नाराज, हे तिकडेही चालतंच. लिलावात किंवा ऑनलाइन विकत घेतलेल्या अनोळखी रिळाबाबत तर आणखी सावध राहा: प्लास्टिकचं चाक तुमचं झालं, हक्क नाही.

मुदतीचं गणित सोपं आहे. होम मूव्ही सहसा ‘अप्रकाशित’ धरली जाते, म्हणून चित्रीकरण करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. तो १९५५ किंवा त्याआधी वारला असेल तर १ जानेवारी २०२६ पासून फिल्म खुली. कुणी चित्रित केली हेच माहीत नसेल तर निर्मितीपासून १२० वर्षं. म्हणजे १९४० चं बेवारस रीळ २०६० च्या अखेरपर्यंत बंधनात. नाव माहीत नाही म्हणून ते मोकळं आहे, ही समजूत बरोबर उलटी आहे.

पैसे आणि फाइल

दर सहसा सेकंदावर असतो आणि किमान सेकंदांची अट असते. तुम्ही चार सेकंद वापरले तरी बिल किमान मर्यादेचं येतं, त्यामुळे पाच ठिकाणांहून एकेक तुकडा घेण्यापेक्षा एकाच ठिकाणाहून सलग घेणं स्वस्त पडतं. पहिल्यांदा फक्त महोत्सवापुरतं लायसन्स घ्या, पण जगभर, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी या पूर्ण हक्कांचा भाव त्याच पत्रात लेखी मागून ठेवा. चित्रपट विकला गेल्यावर तोच भाव विचारायला गेलात तर तुमच्याकडे सौदा करायला काही उरत नाही.

भारतातून रॉयल्टी पाठवताना टीडीएस कापावा लागतो. भारत-अमेरिका करारानुसार तो साधारण १५ टक्के येतो, पण त्यासाठी समोरच्या संस्थेचं कर-रहिवासी प्रमाणपत्र लागतं. परदेशी संस्था ‘आम्हाला पूर्ण रक्कम हवी’ म्हणतात, मग कराचा भार तुमच्यावर. सीएला करार सही होण्याआधी दाखवा.

फाइलबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण ती हमखास चुकते. ८ मिमी मूक फिल्म सेकंदाला १६ फ्रेमने चित्रित व्हायची, सुपर ८ सहसा १८ ने. ती २४ ने चालवली की आजी चार्ली चॅप्लिनसारखी पळते आणि प्रेक्षक हसतो. मूळ गती विचारून घ्या. रंग भरणं, आवाज चढवणं, चौकोनी चित्र कापून रुंद करणं यांवर करारात बंदी असू शकते, तीही वाचा.

मग कुठे जायचं

महाविद्यालयीन प्रकल्प असेल, पैसे नसतील, तर बायनिकी आणि प्रेलिंजर पुरेसे आहेत. ओटीटीला विकायचा माहितीपट असेल आणि हातात वर्षभर असेल, तर मुख्य प्रसंगासाठी शिकागो, भरणीसाठी एजन्सी. वेळ कमी आणि पैसा बरा असेल तर सरळ एजन्सी, मात्र तिथल्या चेहऱ्यांवर आपल्या निवेदनातली नावं किंवा गावं चिकटवू नका. प्रदर्शनासाठी किंवा संग्रहालयातल्या दालनासाठी हवं असेल तर स्मिथसोनियनला लिहा, अशा वापराची भाषा ते ओळखतात.

पहिल्या ईमेलमध्ये चित्रपटाचा दोन ओळींचा सारांश, किती सेकंद, कोणत्या प्रसंगात, दृश्याखाली कोणतं निवेदन येणार, कुठे दाखवणार आणि कधीपर्यंत हवं, एवढं लिहा. सोबत क्लिपचा क्रमांक आणि टाइमकोड द्या. ‘काही छान कौटुंबिक दृश्यं आहेत का’ असं विचारणाऱ्यांची पत्रं त्यांच्याकडे ढिगाने पडलेली असतात.