वेरूळजवळच्या घरगुती मुक्कामात आमचे ८,३२० रुपये कसे गेले

आधी रक्कम सांगतो, कारण तीच सांगायची मला सर्वांत जास्त लाज वाटते. तीन रात्रींच्या मुक्कामाचे २,१०० रुपये ठरले होते आणि आमच्या खिशातून गेले १०,४२० रुपये. मी परभणीत एका पतसंस्थेत नोकरी करतो. मूळ आधार कार्ड कोणाच्या हाती देऊ नका, असे मी ठेवीदारांना रोज बजावतो आणि तरीही ते मी स्वतःच्या हाताने काढून दिले.

माझा मामेभाऊ आणि मी पाठीवर एकेक पिशवी घेऊन एसटीने मराठवाडा पाहायला निघालो होतो. औंढा नागनाथ आणि पैठण करून शनिवारी संध्याकाळी आम्ही वेरूळ-खुलताबाद पट्ट्यातल्या त्या घरी पोहोचलो. तक्रार करायची असल्यामुळे घराचे नाव येथे लिहीत नाही. माणशी दिवसाला ८०० रुपयांत भागवायचे होते, म्हणून लॉज टाळून घरगुती निवास निवडला होता. खोली ७०० रुपये रोजाने फोनवर ठरली होती आणि १,००० रुपये आगाऊ पाठवले होते. खाली घरमालकांचे कुटुंब राहते आणि वर गच्चीला लागून पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. पोहोचताच काकूंनी पाणी दिले, गाव विचारले, परभणी म्हटल्यावर ‘म्हंजे आपलीच लेकरं की’ म्हणाल्या आणि रात्री ज्वारीची भाकरी, पिठले व ठेचा वाढला. जेवणाचे किती द्यायचे, हे मी स्वतः विचारले होते. ‘घरच्या जेवणाचा काय हिशोब करतोस बाळा’ हे त्यांचे उत्तर मामेभावानेही ऐकले आहे. घरगुती मुक्कामात पहिल्या घासाआधी जेवणाचा दर विचारा आणि उत्तर मिळाले नाही, तर बाहेर जेवा.

जेवणानंतर काकांनी राहिलेले १,१०० रुपये रोख घेतले, पावती दिली नाही, आणि दोघांची मूळ आधार कार्डे मागितली. मी झेरॉक्स पुढे केली, तेव्हा पोलिसांना कळवावे लागते, झेरॉक्स चालत नाही, असे ते म्हणाले. शिवाय माणशी १,५०० रुपये अनामत मुलाच्या क्रमांकावर पाठवायला सांगितली. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले, ते ना काकांचे होते ना मुलाचे. ‘मित्राचं खातं आहे, आमच्याला अडचण आली’ असे मुलाने सांगितले आणि मी ३,००० रुपये पाठवले.

मग काकांनी देवघराशेजारच्या फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांनी आमची कार्डे टाकली, तेव्हा आत आधीची चार-पाच आधार कार्डे आणि एक गडद लाल पासपोर्ट मला स्पष्ट दिसला. इथेच मी उठायला हवे होते. वरच्या तीन खोल्यांपैकी एक आमची होती, एकीत परदेशी मुलगा आणि मुलगी होती आणि तिसरी रिकामी होती, हे मी तासाभरापूर्वीच पाहिले होते. पासपोर्ट त्या दोघांपैकी एकाचा होता हे उघड आहे, परंतु मग ती चार-पाच आधार कार्डे कोणाची होती? घरात नसलेल्या पाहुण्यांची कार्डे डब्यात का असावीत? माझे आयुष्य आकडे जुळवण्यात जाते आणि हा एवढा साधा हिशोब मला त्या रात्री सुचला नाही. उलट, इतरांनीही दिली आहेत म्हणजे येथे तशीच पद्धत असेल, असे मी मनाशी म्हणालो. दिवसभराचा प्रवास झाला होता, पोटात गरम भाकरी होती आणि समोर आईच्या वयाची बाई होती. अशा वेळी संशय घेणे मला असभ्यपणाचे वाटले. ती कार्डे अधिक पैसे द्यायला नकार देऊन निघून गेलेल्यांची असावीत, असे आता मला वाटते.

परदेशी पाहुणा उतरला, तर यजमानाला चोवीस तासांच्या आत सरकारकडे ठरावीक फॉर्म भरून कळवावे लागते. तो नियम परदेशी नागरिकांसाठी आहे आणि त्यातही पासपोर्ट डब्यात ठेवून घ्या, असे कोठेही म्हटलेले नाही. आपण ओळखपत्र दाखवावे, नोंदवहीत नोंद करू द्यावी आणि ते परत खिशात ठेवावे. प्रत द्यायचीच असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.

रविवारी आम्ही वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर पाहिले. कैलास लेण्यापुढे तीन तास कसे गेले हे कळले नाही आणि संध्याकाळी आम्ही खरोखर आनंदात होतो. त्याच आनंदात काकांच्या मुलाने सोमवारच्या अजिंठ्याचा विषय काढला. जाऊन-येऊन गाडीचे ३,८०० रुपये, तेही आत्ताच आणि त्याच मित्राच्या खात्यावर. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. मी नेमके उलटे लक्षात ठेवले होते, ही माझी चूक मी मान्य करतो. परंतु ज्याचे घर लेणी पाहायला येणाऱ्यांवर चालते, त्याला बंदचा वार ठाऊक नसेल, हे मी कदापि मानणार नाही. सोमवारी सकाळी गाडी आलीच नाही. ‘आज तर अजिंठा बंद असतो, तुम्हीच सोमवार म्हणालात, गाडीवाला पैसे परत देत नसतो’ हे त्याने आमच्याकडे न पाहता सांगितले.

मंगळवारी निघताना वहीच्या फाटक्या पानावर लिहिलेला हिशोब हाती आला. तीन वेळचे जेवण माणशी २५० रुपयांनी १,५००, नाश्ता १२० रुपयांनी ७२०, गरम पाणी ३००, स्वच्छता २००, आणि गिझर बिघडवल्याचे १,८००, असे एकूण ४,५२० रुपये. तो गिझर पहिल्याच रात्री गळत होता आणि मी ते काकूंना सांगितले होते. खोलीत शिरताच नळ, गिझर, काच, गादी यांचा व्हिडिओ काढा, नंतर कितीही सांगितले तरी कोणी ऐकत नाही. अनामत वजा करून १,५२० रुपये ठेवा आणि कार्डे न्या, असे काकांनी सांगितले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

नवे आधार कार्ड शंभर रुपयांच्या आत घरपोच मिळते, मग पैसे का दिले, असे मला अनेकांनी विचारले. माझ्या कार्डावर कोणी सिम घेईल, कोणी कर्ज उचलेल, असली प्रकरणे मी नोकरीत पाहिली आहेत. म्हणून दिले.

तेथून आम्ही थेट पोलीस ठाण्यात गेलो. अडीच तास बाकावर बसल्यावर, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले, मग फसवणूक कसली, असा प्रश्न आला. मग हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले, मग साहेब बंदोबस्तावर असल्याचे, आणि शेवटी परभणीचे असाल तर परभणीतच तक्रार द्या, असे. हद्दीचे कारण देऊन परत पाठवता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, आणि फसवणुकीचे कलम आता ४२० नसून भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे, हे मी शांतपणे सांगितले. त्यावर, एवढा कायदा येतो तर फसलात कसे, असे मला सर्वांसमोर ऐकवण्यात आले. तो अपमान मला गेलेल्या पैशांपेक्षा अधिक झोंबला. डब्यातल्या पासपोर्टविषयी सांगितले, तर ‘त्यांची तक्रार आहे का?’ एवढेच विचारले. माझ्या अर्जावर पोहोच मागितली, तीही मिळाली नाही. एका पर्यटन कार्यालयाने, हे घर आमच्याकडे नोंदलेले नाही, सबब आम्ही काही करू शकत नाही, असे सांगितले. नोंद नसताना ते घर पाहुणे ठेवते हीच तर माझी तक्रार होती. मुक्काम ठरवण्यापूर्वी निवास न्याहारी योजनेचे नोंदणी प्रमाणपत्र मागून पाहा, यजमान टाळाटाळ करतो का, तेवढ्यावरूनच कळते.

आता मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्या खात्यावर गेलेल्या ६,८०० रुपयांच्या नोंदी माझ्या फोनमध्ये आहेत आणि वहीचे पानही मी जपून ठेवले आहे. रोख दिलेल्या २,६२० रुपयांचा मात्र त्या पानाखेरीज कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून झोपू देत नाही. आम्ही पिशव्या घेऊन जिना उतरलो, तेव्हा ती परदेशी मुलगी ओट्यावर चहा घेत होती. तिने हसून हात हलवला आणि मीही हलवला. कार्ड नुकतेच खिशात आले होते, त्या घरातून बाहेर पडायची घाई होती, आणि तुमचा पासपोर्ट आजच मागून घ्या, हे एक वाक्य मी तिला सांगितले नाही.