बिलात बदललेले बेअरिंग आणि हातची गेलेली वॉरंटी

2008 साली आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहत असताना मी बे एरियातल्या एका अधिकृत डीलरकडून 2004 च्या मॉडेलची पोर्शे बॉक्स्टर एस घेतली. गाडी वापरलेली असली तरी कंपनीच्या तपासणीतून गेलेली, प्रमाणित होती आणि इंजिनाची वॉरंटी 2010 च्या अखेरपर्यंत शिल्लक होती. हा शेवटचा तपशील मी तेव्हा नीट लक्षात ठेवला असता, तर पुढचे काहीच लिहावे लागले नसते.

या पिढीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, साखळीने तो फिरवतो आणि त्याच्यावरून पुढच्या साखळ्या व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टकडे जातात. इंटरमीडिएट शाफ्ट या नावावरून त्याला सगळे ‘आयएमएस’ म्हणतात. त्याचे गिअरबॉक्सकडचे टोक एका बंदिस्त बॉल बेअरिंगवर टेकलेले असते. बेअरिंगच्या सीलमधून कालांतराने इंजिनाचे तेल आत झिरपते, आतले ग्रीस धुऊन जाते आणि अडकून राहिलेल्या जुन्या तेलात गोळ्या झिजू लागतात. बेअरिंग मोडले की शाफ्ट डळमळतो, साखळ्यांचा मेळ सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन निकामी होते. नव्वद टक्क्यांहून अधिक गाड्यांत असे कधीच घडले नाही, हेही तितकेच खरे आहे. परंतु मालकांच्या गप्पांमध्ये न मोडलेल्या बेअरिंगची गोष्ट कोण सांगणार?

2009 च्या हिवाळ्यात गॅरेजच्या फरशीवर, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या जागेच्या बरोबर खाली, तेलाचे थेंब दिसू लागले. मी डीलरकडे गेलो. तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने गाडी वर उचलूनही न पाहता ‘एवढे पाझरणे चालायचेच’ असे सांगून माझी बोळवण केली. मागाहून कळले की क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून होणारी गळती हा याच इंजिनाचा दुसरा प्रसिद्ध आजार होता, तो वॉरंटीत बसत होता, आणि ते सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स, क्लच व फ्लायव्हील उतरवावे लागत असल्याने बेअरिंगच्या तोंडापर्यंतची सगळी वाट डीलरच्याच खर्चाने मोकळी झाली असती. मी लेखी तक्रार नोंदवून त्या कागदाची प्रत मागायला हवी होती. त्याऐवजी मी रागाने बाहेर पडलो आणि ऑफिसमधल्या एका परिचिताने सुचवलेल्या खासगी गॅरेजमध्ये तेल बदलायला गेलो.

त्या गॅरेजच्या मालकाने मला अतिशय आपुलकीने वागवले, हे नमूद करायला हवे. त्याने तेलाचा फिल्टर माझ्यासमोर कापला, त्यातला घड्यांचा कागद पांढऱ्या ट्रेवर पसरला आणि त्यावर चमकणारे धातूचे कण मला दाखवले. ‘तुमचे बेअरिंग सुटायला लागले आहे, एक महिनाही काढणार नाही,’ असे तो म्हणाला. डीलर बेअरिंग बदलून देत नाही, तो फक्त इंजिन गेल्यावर इंजिन बदलतो, हेही त्याने सांगितले. ते बऱ्याच अंशी खरे होते, कारण कंपनी हे बेअरिंग सुटा भाग म्हणून विकत नव्हती. त्यावरचा उपाय म्हणून इलिनॉयच्या एलएन इंजिनिअरिंग या कंपनीने सिरॅमिक गोळ्यांचे बेअरिंग बाजारात आणले होते. तेच बसवतो, असे आश्वासन देऊन त्याने क्लचसह 2,380 डॉलरचे बिल सांगितले. मी त्याच दिवशी होकार दिला.

यातली मेख मला फार उशिरा उमगली. ते कण खरोखर माझ्या बेअरिंगचे असते, तर तेलाबरोबर ते इंजिनभर फिरलेले असणार. अशा इंजिनात केवळ नवे बेअरिंग बसवण्यात अर्थ नसतो आणि प्रामाणिक कारागीर ते काम घेतच नाही. तो सांगतो की गाडी वॉरंटीत आहे, हा फिल्टर पिशवीत घाला आणि तडक डीलरकडे जा. आणि ते कण माझे नसतील, तर बेअरिंगला काहीच झालेले नव्हते. म्हणजे दोन्हीपैकी काहीही खरे धरले, तरी ते काम करण्याचे कारण नव्हते. मला भीती घातली गेली आणि मी ती पैसे देऊन विकत घेतली.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. बिलावर ‘सिरॅमिक बेअरिंग बसवले, मूळ बेअरिंग काढून टाकले’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. जुने बेअरिंग मी मागितले नाही. कॅलिफोर्नियात काम सांगतानाच मागणी केली, तर काढलेले जुने भाग ग्राहकाला परत देणे गॅरेजवर बंधनकारक आहे. हा नियम मला ठाऊक नव्हता. काम चालू असतानाची छायाचित्रे, नव्या बेअरिंगच्या किटच्या खरेदीची पावती, यातलेही मी काही मागितले नाही. सुवाच्य अक्षराचा माणसावर किती परिणाम होतो!

2010 च्या जुलैमध्ये सांताक्रूझकडे जाताना हायवे 17 च्या चढावर मागून खडखडाट आला, लगेच तेलाच्या दाबाचा दिवा लागला आणि गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन बंद पडले. गाडी टो करून डीलरकडे नेली. वॉरंटीचे पाच महिने बाकी होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. इतकेच नव्हे, तर आपण गाडीची किती काळजी घेतली हे दाखवण्यासाठी ते बिल मीच फाइलमधून काढून सर्व्हिस ॲडव्हायझरच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी वॉरंटी नाकारल्याचे पत्र आले. अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही; त्या भागामुळेच नुकसान झाले, असे असावे लागते. मी हा कायदा पुढे केला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की तुटलेला भाग तोच आहे आणि तो आमचा नसल्याचे तुमचेच बिल सांगते. मला उत्तर सुचले नाही. बदली इंजिनाचा खर्च त्यांनी सोळा हजार डॉलरच्या पुढे सांगितला.

गाडी मी तिसऱ्याच एका वयस्कर कारागिराकडे नेली. त्याने गिअरबॉक्स उतरवला, आवरणामागून बेअरिंगचे अवशेष बाहेर काढले आणि टेबलावरचे चुंबक त्यांच्याजवळ नेले. सगळ्या गोळ्या टक्कन चिकटल्या. सिरॅमिकची गोळी चुंबकाला चिकटत नाही. ते कंपनीचे मूळ बेअरिंग होते की पंधरा-वीस डॉलरचे दुसरे कुठले, हे त्या चुरडलेल्या अवस्थेत त्याला खात्रीने सांगता येईना. क्लच मात्र नवा होता. म्हणजे गिअरबॉक्स उतरला होता, आणि तिथपर्यंत पोचूनही फसवले गेले होते.

बेअरिंग मूळचे असेल, तर माझा वॉरंटीचा हक्क शाबूत होता आणि केवळ एका खोट्या बिलाने तो मारला होता. पण ते सिद्ध करण्याचा पुरावा उरला नव्हता. पुढे 2013 मध्ये याच बेअरिंगवरून पोर्शेविरुद्धच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली. 4 मे 2001 ते 21 फेब्रुवारी 2005 या काळात तयार झालेल्या गाड्या तिच्यात होत्या आणि माझी गाडी त्या तारखांमध्ये बसत होती. तिथेही माझ्याच फाइलमधला कागद माझ्याविरुद्ध साक्ष देत होता, म्हणून मी अर्ज केला नाही. तेलही गेले, तूपही गेले, अशी अवस्था होती. तेल तर अक्षरशः गेले होते.

गॅरेजची तक्रार मी राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे केली आणि छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या स्मॉल क्लेम्स न्यायालयात दावा लावला. तिथे तेव्हा व्यक्तीला 7,500 डॉलरपर्यंतच मागता येत असे, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या किमतीलाही ते पुरेसे नव्हते. न्यायाधीशांनी गॅरेजमालकाला किटच्या खरेदीची पावती मागितली. ती ‘बहुधा हिशेबनिसाकडे आहे’ असे त्याने सांगितले. बिलाचे 2,380 डॉलर परत करण्याचा आदेश झाला. इंजिन त्याच्याच कामामुळे गेले, हे मला दाखवता आले नाही, म्हणून बाकी काही मिळाले नाही. दिलेला धनादेश मात्र वटला, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

गाडी मी बंद इंजिनासह, आहे त्या स्थितीत विकली. घेणाऱ्याने सर्व्हिसची सगळी कागदपत्रे मागितली, तेव्हा मी पूर्ण फाइल त्याच्या हवाली केली. फक्त त्या एका बिलावर लाल शाईने आडवे लिहून खाली सही केली: ‘हे काम झालेले नाही.’