ओळखीपाळखीविना परदेशी मुक्काम : पाहुणचाराच्या चार सेवांचे परीक्षण

परदेशात फिरताना खर्चाच्या तीन मोठ्या बाबी असतात : प्रवासभाडे, व्हिसा आणि मुक्काम. पहिल्या दोहोंवर आपले फारसे काही चालत नाही. तिसरी मात्र अनोळखी माणसांच्या भरवशावर जवळजवळ शून्यावर आणता येते, आणि त्यासाठी जगभर चालणाऱ्या, सदस्यांना एकमेकांच्या घरी मोफत उतरण्याची सोय करून देणाऱ्या सर्वास, काउचसर्फिंग, बीवेलकम आणि वॉर्मशॉवर्स या चार सेवांचा अनुभव आम्हा पती-पत्नींना आहे. मलेशिया, थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम असा रेल्वेने व बसने केलेला प्रवास बहुतांशी त्यांच्या आणि मित्रांच्या आधाराने झाला. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या घरी आम्ही यजमान म्हणूनही त्यांत नाव नोंदवलेले आहे. खेड्यातील माणसासाठी या सेवांचे मोल पाहुणा होण्याच्या आधी यजमान होण्यात आहे, असे माझे मत झाले आहे, आणि पुढील परीक्षण त्याच अंगाने केले आहे.

सर्वांत मोठे नाव काउचसर्फिंगचे. २००४ साली सुरू झालेली ही सेवा आरंभी स्वयंसेवकांच्या बळावर चालत असे. २०११ मध्ये तिचे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत रूपांतर झाले आणि २०२० मध्ये कोरोनाच्या काळात बहुतेक देशांतील सदस्यांना शुल्क लागू झाले. त्यावरून जुने सदस्य नाराज झाले आणि पुष्कळ जण बाहेर पडले. तरीही क्वालालंपूर, बँकॉक, हनोई अशा शहरांत यजमानांची संख्या याच सेवेवर भरपूर आहे. अडचण वेगळीच आहे. येथे समोरचा माणूस तुमच्याविषयी आधीच्या यजमानांनी आणि पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचूनच होकार देतो. पुण्या-मुंबईच्या तरुणाला दोन परदेशी मित्र घरी बोलावून ते सहज मिळवता येतात. आमच्यासारख्यांचे संकेतस्थळावरील पान सुरुवातीला कोरे असते आणि कोऱ्या पानाला सहसा उत्तरच येत नाही. यात कोणाचा दोष काढता येणार नाही. अनोळखी माणसाला घरात घेणारा चौकशी करणारच.

आमची ही अडचण दूर केली ती वॉर्मशॉवर्सने, आणि तीही आमच्या गावाशेजारच्या रस्त्यामुळे. ही सेवा १९९३ पासून केवळ सायकलने लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, ज्याला आमच्याकडे अजूनही पुष्कळ लोक ‘सात नंबर’ म्हणतात, तो नागपूर, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी, पांढरकवडा असा आदिलाबादकडे उतरतो. थंडीच्या दिवसांत या रस्त्याने देशी-परदेशी सायकलस्वार जात असतात. नागपूर सोडले की त्यांना ढाबे आणि पेट्रोलपंप पुष्कळ भेटतात, पण निवांत झोपायला सुरक्षित जागा, आंघोळीला गरम पाणी आणि तिखट बेताचे असलेले जेवण मिळणे कठीण असते. यजमानाकडून या सेवेची अपेक्षाही एवढीच आहे. चुलीवर तापवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या, वरण-भात, ज्वारीची भाकर, ओसरीवर एक बाज : आमच्या घरी याहून अधिक काही नव्हते आणि कोणी मागितलेही नाही. पहिला परदेशी सायकलस्वार अंगणात उतरला तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘काहून बाप्पा, एवढ्या दूरून सायकलवर आला हा पोट्टा? याच्या मायला काळजी नाही का?’’ आणि घरून वाटीभर दही घेऊन आल्या.

अशा पाहुण्यांनी आमच्याविषयी जे लिहिले तेच पुढे आमचे शिफारसपत्र ठरले. एका सेवेवरचे अभिप्राय दुसऱ्या सेवेवर आपोआप जात नाहीत, हे खरे. पण विनंती पाठवताना आम्ही त्या पानाचा दुवा देत गेलो आणि उत्तरे येऊ लागली. शिवाय त्यांपैकी काही जणांनी ‘‘आमच्या देशात आलात तर घरी या’’ असे सांगितले होते. तिकडे हे बोलणे शिष्टाचारापुरते असावे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मलेशियात आम्ही ज्याच्या घरी उतरलो तो असाच आमच्या बाजेवर झोपून गेलेला मनुष्य होता. आरंभी मोफत असलेली वॉर्मशॉवर्स आता नव्या सदस्यांकडून शुल्क घेते, आणि सायकल नसणाऱ्या प्रवाशाला तिचा थेट उपयोग नाही. तरीही महामार्गालगतच्या गावकऱ्यासाठी चौघींत मी तिलाच पहिली पसंती देईन.

सर्वास ही यांतली सर्वांत जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, डेन्मार्कमध्ये शांततेसाठी काम करणाऱ्या तरुणांनी ती सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत तिला सल्लागार दर्जा आहे. येथे कोणालाही भ्रमणध्वनीवर चार बटणे दाबून सदस्य होता येत नाही. आपल्या देशातील संघटनेचा प्रतिनिधी मुलाखत घेतो, त्यानंतर परिचयपत्र मिळते, आणि ते दाखवूनच यजमानाकडे साधारण दोन रात्रींचा मुक्काम मागता येतो. यजमान पैसे घेत नाही. पण तो घर म्हणजे हॉटेल समजू देत नाही, हेही तितकेच खरे. संध्याकाळी त्याच्याबरोबर जेवावे, बोलावे, त्याच्या गावाविषयी विचारावे, ही अपेक्षा स्पष्ट असते. वर्धा जिल्ह्यातील माणसाला यात परके वाटण्याजोगे काही नाही. सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण १९६२ मध्ये अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पदयात्रेला निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना जवळ पैसा न ठेवण्याचा सल्ला दिला होता, आणि मॉस्को, पॅरिस, लंडन असे करत ते वाटेतील लोकांच्या घरी राहून-जेवून वॉशिंग्टनपर्यंत पोचले होते. आमच्यात तेवढे धाडस नव्हते. सर्वासचा दोष असा की तिचे यजमान बहुधा वयस्क आहेत, आग्नेय आशियात ते विरळ आहेत, आणि संपर्काला वेळ लागतो.

बीवेलकमविषयी थोडक्यात सांगता येईल. २००७ पासून स्वयंसेवक ती चालवतात, शुल्क नाही, जाहिरातींचा त्रास नाही. युरोपात ती बरी चालते, आम्ही गेलो त्या देशांत मात्र उत्तर देणारे मोजकेच सापडले.

प्रत्यक्ष मुक्कामांपैकी लाओसची राजधानी व्हिएनशान येथील घर अधिक लिहिण्याजोगे आहे. स्वयंपाकघरात यजमानाच्या आई निखाऱ्यावर टोमॅटो, हिरव्या मिरच्या आणि लसूण सालीसकट भाजत होत्या. मग काळे पडलेले पापुद्रे बोटांनी काढून त्यांनी सगळे खोल मातीच्या उखळीत घातले आणि लाकडी मुसळीने कुटायला घेतले. चिकट भाताचा मुटका करून त्यात बुडवून खायचा तो लाओसचा ठेचाच. पत्नीने मुसळी हातात घेतली आणि दोघींना भाषेची गरज उरली नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यात आंबवलेल्या माशांचे खारे पाणी पडते. आम्ही शाकाहारी असल्याचे आधी लिहून कळवले होते, म्हणून आमचा वाटा त्यापूर्वीच वेगळा काढला गेला. शाकाहारी प्रवाशाने ही गोष्ट विनंतीच्या पहिल्याच पत्रात लिहावी, जेवायला बसल्यावर सांगू नये. रिकाम्या हाताने जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. वर्ध्याचा गोरसपाक हा बिस्किटांसारखा खाऊ आम्ही सगळीकडे नेला आणि तो सगळीकडे संपला.

आता या सेवा जे ठळकपणे सांगत नाहीत ते. घरी परदेशी पाहुणा ठेवणे हा बहुतेक देशांत कायद्याचाही विषय असतो. थायलंडमध्ये यजमानाने चोवीस तासांत इमिग्रेशन खात्याला कळवायचे असते; लाओसमध्ये गावप्रमुखाला, व्हिएतनाममध्ये स्थानिक पोलिसांना. भारतातही परदेशी पाहुण्याची चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, जी बरीच वर्षे सी-फॉर्म या नावाने ओळखली जात होती, आणि ती खासगी घरालाही लागू आहे. आमच्या गावात हे कोणालाच ठाऊक नव्हते. पाहुण्याने पासपोर्टची व व्हिसाची प्रत स्वतःहून पुढे करावी. मागण्याचा संकोच यजमानाला पडू देऊ नये.

दुसरी बाब व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर युरोपात जायचे तर मुक्कामाचा पुरावा लागतो, आणि तेथे ‘अमुक सेवेवरील मित्र’ एवढे सांगून भागत नाही. फ्रान्समध्ये खासगी घरी उतरायचे असेल तर यजमानाला आपल्या नगरपालिकेतून रीतसर प्रमाणपत्र काढावे लागते. एवढे श्रम अनोळखी माणसासाठी कोण घेणार? म्हणून या पद्धतीने पहिला प्रवास करणाऱ्याने व्हिसा सोपा असलेल्या आशियाई देशांपासूनच सुरुवात करावी.

होकार म्हणजे हमी नव्हे, हेही लक्षात असावे. एका मोठ्या शहरात आठवडाभर आधी ‘या’ म्हणणाऱ्या यजमानाचा फोन ऐन संध्याकाळी लागेना, आणि ती रात्र आम्हाला स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये काढावी लागली. प्रत्येक शहरात एका रात्रीच्या भाड्याइतके पैसे आणि एका लॉजचा पत्ता जवळ असलाच पाहिजे. एकट्याने फिरणाऱ्या स्त्रियांनी तर विशेषतः इतर स्त्रियांनी लिहिलेले अभिप्राय वाचूनच घर निवडावे. जेथे असे अभिप्राय नाहीत तेथे फुकटच्या मुक्कामाचा मोह टाळावा.

महामार्गाजवळ राहणाऱ्याने वॉर्मशॉवर्सवर नाव नोंदवावे, आडगावात राहणाऱ्याने सर्वास निवडावी, आणि काउचसर्फिंगचे शुल्क जायची शहरे ठरल्यावरच भरावे. सर्वासच्या मुलाखतीला व परिचयपत्राला वेळ लागत असल्याने तो अर्ज विमानाच्या तिकिटाआधी करावा. यजमान म्हणून नाव नोंदवताना आपल्या पानावर कापूस वेचणीचे दिवस वगळण्यास विसरू नये; सायकलस्वार नेमके त्याच दिवसांत येतात, आणि घरातील सर्व माणसे शेतात असताना दाराला कुलूप पाहून पाहुण्याला वडनेरपर्यंत पुढे जावे लागणे बरे दिसत नाही.