छाया गोळी: फुकट, हार्मोनविरहित, पण वार पाळावा लागतो

सातारा-सांगलीकडे पाळणा लांबवायचा म्हटलं की आधी तांबी, नाहीतर माला-एन ही रोजची हार्मोनची गोळी, आणि दुसरं मूल झालं की थेट ऑपरेशन. छाया गोळीचं नाव शेवटी येतं, ते आधी यायला हवं. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. मेडिकलमध्ये 'सहेली' म्हणून विकतात ते हेच औषध, 30 मिलिग्रॅम सेंटक्रोमन, लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं. यात हार्मोन नाही, म्हणून माला-एनने ज्यांना मळमळतं त्यांनी सिस्टरकडे हिची चौकशी जरूर करावी. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते.

घोळ होतो तो वेळापत्रकात. पाळी सुरू होईल त्या दिवशी पहिली गोळी. रविवारी आली तर रविवार-बुधवार, सोमवारी आली तर सोमवार-गुरुवार, असे आठवड्यातून दोन वार पहिले तीन महिने. त्यानंतर फक्त पहिला वार. पाळी चालू असो वा नसो, मध्ये सुट्टी नाही. पट्टीत 8 गोळ्या असतात. सुरुवातीला ती चार आठवड्यांत संपते, पुढे तीच आठ आठवडे पुरते. तीन महिन्यांना 26 गोळ्या लागतात, म्हणजे तीन पट्ट्या आणि वर दोन. जाऊबाई आठवड्याला एक घेते म्हणून पहिल्या दिवसापासून एकच घेणं ही सर्रास होणारी चूक. सुरुवातीला दोनदा घेतल्याशिवाय रक्तात औषध पुरेसं साठत नाही. पट्टी हातात पडताच तीन महिन्यांचे वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून घ्यावेत, आणि आठवड्याला दोनाऐवजी एक गोळी जिथून सुरू होते तिथे ठळक खूण करावी.

गोळी चुकली तर आठवताच घ्यावी आणि नेहमीचा वार सोडू नये, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा, तीन महिने.

सगळ्यात जास्त भीती पाळी लांबण्याची. 'पाळी तुंबली, अंगात उष्णता साठली' म्हणून बायका गोळी सोडतात आणि नेमक्या तेव्हाच दिवस राहतात. या गोळीने बीज तयार होणं थांबत नाही. गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं राहत नाही, आणि पाळी पुढे सरकते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर मात्र दिवस राहिलेत का, याची लघवीची तपासणी करून घ्यावी. 'पुढे मूल होत नाही' हे तर साफ खोटं. गोळी बंद केली की दिवस राहू शकतात.

नीट घेतली तरी वर्षात शंभरात एक-दोघींना दिवस राहतात. तांबी त्याहून भरवशाची, हे सांगायलाच हवं. उसाच्या टोळीबरोबर गाव बदलणाऱ्या बाईला मात्र रोजच्या गोळीपेक्षा ही सोपी जाते. निघण्यापूर्वी पुढच्या पट्ट्या मागून घ्याव्यात.

अंडाशयावर गाठी, नुकतीच झालेली कावीळ, लिव्हर किंवा किडनीचा आजार, टीबी यातलं काही असेल तर पट्टी घेण्याआधीच सिस्टरला सांगा. असा आजार असलेल्या बायकांसाठी ही गोळी नाही.