पांढरी 'लिक्विड मेटल' आणि माझे ४,७५० रुपये

माझा कॉम्प्युटर तापून मंदावत होता, म्हणून बोलावलं, तर घणसोलीत घरी येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकाने मला ४,७५० रुपयांना गंडवलं. व्हिजिट ५००, 'इम्पोर्टेड लिक्विड मेटल पेस्ट' (प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्या मध्ये लावतात ती) १,८००, नवा कूलर २,४५०. हसण्याआधी ऐका: उजवा हात प्लास्टरमध्ये होता, नाहीतर हे काम मी दुसऱ्यांना शिकवतो.

त्याने बिनलेबलची सिरिंज काढली आणि आतून आलं ते पांढरं. पांढरं! लिक्विड मेटल म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू; पाऱ्यासारखा चकचकतो आणि अॅल्युमिनियमला लागला तर ते पोखरतो. आणि कूलरचा तळ तर अॅल्युमिनियमचाच होता. म्हणजे माल खरा असता तर कूलर गेला असता. हे सगळं मला ठाऊक, दोन फुटांवर उभा, आणि तोंडातून निघालं काय? "चहा टाकू का?"

जुनी वाळकी पेस्ट त्याने पुसलीच नाही, वर नवी फासली. मग स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान ३८ अंश दाखवून ऐटीत हसला. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ३८ दिसले तर त्यात काय मोठं? दहा मिनिटं पूर्ण लोड, म्हणजे जड काम, द्यायला लावा, मगच खिशात हात घाला. माझ्या आय-५ १२४०० प्रोसेसरने रेंडरचं जड काम लावताच १०० गाठले. ती त्याची मर्यादा. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग पाडतो, म्हणजे तक्रार होती तिथेच.

दुसऱ्या दिवशी भाचीने कूलर काढला, तर तळावरची पारदर्शक फिल्म तशीच! ती सोलली. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले (टिश्यूचे धागे राहतात, चष्म्याचं कापड घ्या). ही चिप लांबट, म्हणून वाटाण्याएवढ्या पेस्टची बारीक रेघ लांबीच्या दिशेने. जास्त थापून थंडावा वाढत नाही; पेस्टचं काम फक्त धातूंमधल्या बारीक फटींतली हवा हटवणं. कूलरच्या चार पिना समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या. एकाच बाजूच्या दोन आधी दाबल्या की कूलर कलतो. टक् आवाज आला तरी बोर्डामागून चारही टोकं बाहेर आलीत का ते बघाच. आता लोडवर ७१. ट्यूबचा खर्च ४५०.

पैशांचं म्हणाल तर चौकीत दोन तास बसवून साहेब म्हणाले, "थर्मल पेस्ट म्हणजे टूथपेस्टसारखं काही का? कॉम्प्युटर चालू आहे ना, मग फसवणूक कुठली?" सायबरकडे धाडलं. ते म्हणाले, तो घरी आला होता, हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणाली, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. परत चौकीत गेलो तर अर्ज घेणारे जेवायला गेलेले, साडेचारपर्यंत आले नाहीत. शेवटी पोच मिळाली, तीही शिक्का नसलेली. चोर एक, आणि हेलपाटे मला!

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण कागद लागतो. माझ्याकडे आहे 'इस्टिमेट' लिहिलेला चिठोरा, ज्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. यूपीआय गेलं भलत्याच माणसाच्या नावावर. तेव्हाही वाचलं नाही. काढलेला जुना कूलरही तो 'स्क्रॅप' म्हणून घेऊन गेला. तो चांगला होता, फक्त पंख्यात धूळ साचली होती.