दव, धूळ आणि काळी माती : नाशिकच्या हिवाळ्यात हॅचबॅक कुठे धुवायची?

पावसाळ्यात गाडी घाण होते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. नाशिककराला वैताग येतो तो डिसेंबर-जानेवारीत. आभाळ स्वच्छ, पावसाचा पत्ता नाही आणि तरी सकाळी टपापासून दारापर्यंत मातीचे ओघळ. दिवसभर बसलेल्या धुळीवर रात्री दव पडतं, पहाटे ते ओघळतं आणि ऊन वर आलं की तो पातळ चिखल जागच्या जागी वाळतो. त्यात सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरभर खोदकाम. धूळ बसावी म्हणून टँकरने रस्त्यावर पाणी मारतात आणि ते पाणी पुढच्या चाकावरून आपल्याच दारावर येतं. शहराबाहेर निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडे गेलात तर द्राक्षबागेतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडलेली असते. अवकाळी आला तर विचारूच नका. नोव्हेंबर 2023 च्या शेवटी गारपिटीने बागा झोडपल्या, तेव्हा ते सगळे रस्ते चिखलाचे झाले होते.

गाडी स्वच्छ ठेवायचे मार्ग आपल्याकडे मोजून चार : सोसायटीत येणारा पुसणारा, वॉशिंग सेंटर, घरचा प्रेशर पंप किंवा बादली, आणि डिटेलिंगवाल्याकडून रंगावर चढवून घ्यायचं संरक्षक कोटिंग. त्यांची तुलना करण्याआधी हॅचबॅकची एक खोड सांगायला हवी, कारण निर्णय बराचसा तिच्यावर अवलंबून आहे.

हॅचबॅकची मागची काच सेडानपेक्षा कितीतरी लवकर घाण होते. सेडानला काचेच्या मागे डिकी असते, त्यामुळे हवा उतारावरून बरीचशी सरळ निघून जाते. हॅचबॅकचं मागचं तोंड जवळजवळ उभं कापलेलं. टपावरून येणारी हवा तिथे एकदम सुटते, मागे कमी दाबाची पोकळी होते आणि त्यात हवा भोवऱ्यासारखी फिरत राहते. मागच्या चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी त्यात ओढलं जातं आणि थेट काचेवर, नंबर प्लेटवर, मागच्या दिव्यांवर बसतं. म्हणून मागे वायपर. स्विफ्ट, वॅगनआर, टियागो यांच्या वरच्या व्हेरिएंटला तो मिळतो, खालच्यांना नाही. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांतले निम्मे लोक तो कोरड्या मातीवरच फिरवतात, पाण्याची पिचकारी न मारता. पाणी मागच्या काचेवर पोहोचतंय का, हे आधी बघा. नळीत माती अडकून पिचकारी बंद पडलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो.

आता पुसणारे दादा. साध्या हॅचबॅकला महिन्याला पाचशे ते आठशे रुपये, भागाप्रमाणे कमी-जास्त. सकाळी ऑफिसला निघताना गाडी चकाचक, आपल्याला हात लावायची गरज नाही. गंगापूर रोड असो की इंदिरानगर, बहुतेक सोसायट्यांत हाच रिवाज. अडचण एकच, पण ती मोठी आहे : एक बादली, एक फडकं आणि दहा-बारा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत त्या बादलीत पाण्यापेक्षा माती जास्त. धुळीचे कण त्या फडक्यात अडकतात आणि रंगावर घासले जातात. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पातळ. रोजच्या घासण्याने त्यावर जाळीसारखे गोल चरे उठतात. पांढऱ्या-चंदेरी गाडीवर ते लपतात. काळी, गडद निळी किंवा लाल गाडी दुपारच्या उन्हात उभी करा, सगळा हिशेब दिसेल.

म्हणून दादांना बंद करा असं मी म्हणणार नाही. त्यांचं काम बदला. आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबरची फडकी आपणच द्या आणि सांगा, "दादा, रोज फक्त काचा, आरसे आणि दिवे पुसा, बॉडीला हात लावायचा तर आधी मगभर पाणी ओता." बहुतेक जण खुशीने ऐकतात, त्यांचाही वेळ वाचतो. रोज सकाळी दवाने ओली झालेली काच कुणीतरी पुसून ठेवणं ही हिवाळ्यात खरी सोय आहे. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं मात्र कुणालाही मारू देऊ नका, घरातल्या हौशी पोरांनाही नाही.

वॉशिंग सेंटरला एका वेळचे तीनशे ते पाचशे जातात आणि रविवारी रांगेत तासभर बसावं लागतं. पण जे काम घरी होत नाही ते इथे होतं : गाडी लिफ्टवर चढवून खालून प्रेशरने पाणी मारून घेणं. निफाडकडच्या काळ्या मातीसाठी हे लागतंच. ती ओली असताना फुगते आणि चिकटते, वाळली की दगड होते. चाकांच्या वरच्या पोकळीत, दारांच्या खालच्या कडेला, सस्पेन्शनच्या आसपास तिचे गोळे बसतात. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात; ती मातीने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून चकचकीत गाडीच्या दाराला खालून फोड आलेला दिसला की समजायचं, भोकं बुजली होती.

सेंटरवर तीन गोष्टी मात्र ठामपणे नाकाराव्यात. टायरवर फिरवलेला स्पंज बॉनेटवर नको. खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने सस्पेन्शनचे रबरी बुश खराब होतात आणि तेलकट पत्र्यावर धूळ आणखी बसते. आणि इंजिनवर प्रेशरने पाणी तर अजिबात नको, आजच्या गाड्यांत तिथे सेन्सर आणि वायरिंगचे जोड भरलेले असतात. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारून देतात तेही मी घेत नाही. उन्हात काचेवर त्याचं प्रतिबिंब पडतं.

यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघून 'खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्यावं का' असं विचारणारेही भेटतात. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाच्या पाण्याने पत्रा खाल्ला जातो. आपल्याकडे निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, पण रस्त्यावर मीठ पडत नाही. नाशिकमध्येच फिरणाऱ्या गाडीला त्या भीतीपोटी पैसे घालायची गरज नाही. माती वेळेवर काढली तरी पुरे.

घरचा प्रेशर पंप हा हल्लीचा मोह. बॉश, कार्चर वगैरेंचे छोटे पंप साधारण सहा ते दहा हजारांत येतात, मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतात. म्हणजे दहा मिनिटांत साठ-सत्तर लिटर. उघड्या पाइपपेक्षा हे कमीच. हिशेब साधा आहे : स्वतंत्र बंगला, दारात नळ, जवळ प्लग आणि महिन्यातून दोनदा तरी मातीच्या रस्त्याने जाणं, यातलं सगळं जुळत असेल तर दोन वर्षांत पैसे वसूल. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पंप आणण्याआधी सोसायटीच्या चेअरमनना विचारा. मे महिन्यात पाणीकपात सुरू झाली की पहिला वाद पार्किंगमधल्या पाइपवरूनच होतो.

पंप नसला तरी बादलीने उत्तम काम होतं, फक्त बादल्या दोन हव्यात : एकीत शॅम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आधी वरून भरपूर पाणी सोडून माती भिजू द्यायची, मग टपापासून खाली यायचं, चाकं शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण वापरू नका, तो रंगावरचं वॅक्स उतरवतो. पंप असेल तर नोझल फूटभर लांब धरा, दारांच्या रबरांवर आणि पुढच्या जाळीतून रेडिएटरवर जवळून मारू नका. वेळ सकाळी नऊ-दहाची घ्या. भर दुपारी बॉनेट तापलेलं असतं, शॅम्पू धुवायच्या आत वाळतो.

पाण्याचाही प्रश्न आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते गाडीवर आपोआप वाळलं की पांढरे गोल डाग राहतात, काळ्या गाडीवर तर तारांगणच. शक्य असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. जुने डाग पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने हलके निघतात, पण नंतर तो भाग धुवायचा.

राहिलं डिटेलिंगवाल्याचं सिरॅमिक कोटिंग. हॅचबॅकला दहा-पंधरा हजारांपासून पुढे कितीही. माती बसायची थांबत नाही, फक्त लवकर सुटते. चरे उठायचेही थांबत नाहीत. गाडी नवी, गडद रंगाची आणि पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर विचार करा. तीन वर्षं जुनी पांढरी गाडी असेल आणि पुढच्या दिवाळीला बदलायची असेल, तर ते पैसे चांगल्या टायरमध्ये घाला. मागच्या काचेवर पाणी घसरवणारं लिक्विड लावायचं म्हणत असाल तर तेही जपून : पुढच्या काचेवर थेंब वाऱ्याने उडतात, मागे तो वारा मिळतच नाही, थेंब तिथेच बसून राहतात.

आता कुणी काय घ्यावं. पाथर्डी फाट्याहून सातपूर-अंबडला रोज कामाला जाणाऱ्याला दादा, तेही फक्त काचांपुरते, आणि पंधरा दिवसांनी स्वतःची दोन बादल्यांची धुलाई पुरते. वॉशिंग सेंटर दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आसपास एकदा. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडे शेत किंवा नातेवाईक असतील तर महिन्यातून एकदा खालून मारून घ्याच, आणि बंगला असेल तर पंप घ्या. तिकडे बागेच्या कडेला गाडी लावताना फवारणी चालू नाही ना, ते बघा. बोर्डो मिश्रणाचे निळसर ठिपके वाऱ्याबरोबर गाडीवर येतात. त्यात चुना आणि मोरचूद असतो, म्हणून त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा, फडक्याने घासू नका. कसारा घाटातून मुंबईला सारखं जाणाऱ्यांनी बाकी काही करण्याआधी मागच्या चाकांना रुंद मडफ्लॅप बसवून घ्यावेत. काही कंपन्या हॅचबॅकला ते देतच नाहीत, ॲक्सेसरीजच्या दुकानात चारशे-पाचशेत जोडी मिळते, आणि मागच्या काचेवरची तक्रार बरीच कमी होते.